मूठभर कणीक

आमच्या सुपरवायझर मॅडम म्हणाल्या, "मंदाताई, तुमच्या आजाराचं लिहून काढा. दुसऱ्या बायांना उपयोग होईल. फक्त जरा सकारात्मक लिहा."

उपयोगाचं आहे तेवढं लिहिते. सकारात्मकचं पुढे बघू.

मी वसमत तालुक्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. कितीतरी वर्षं मी गरोदर बायांना आणि लेकुरवाळ्यांना काय खावं ते सांगत आले. भिंतीवर सकस आहाराचा तक्ता आहे, त्याच्याखाली बसून मी ठणकावून सांगायचे, रक्त कमी आहे म्हणजे तुम्ही नीट जेवत नाही. त्या काळात माझं स्वतःचं रक्त सातवर आलं होतं. लोहाच्या गोळ्यांची पाकिटं संपत होती, रक्त हलत नव्हतं. पोट ढोलासारखं फुगायचं आणि जेवण झालं की अर्ध्या तासात पळावं लागायचं. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. घरात सगळ्यांचं निदान एकच होतं: मंदा चिडचिड करते, म्हणून तिच्या अंगाला लागत नाही.

चिडचिड मी करतेच. पण त्याने कुणाचं वजन उतरत नाही.

रिपोर्टचा दिवस

नांदेडच्या एका दवाखान्यात तोंडातून दुर्बीण घातली, आतड्याचा बारीक तुकडा काढला आणि तपासायला पाठवला. आठ दिवसांनी बोलावलं. बरोबर मालक होते. आमच्याकडे नवऱ्याला मालक म्हणतात. सगळ्या म्हणतात म्हणून मीही म्हणते.

मी मनाची तयारी कॅन्सरची केली होती. वैष्णवी, माझी मुलगी, तेव्हा नववीतून दहावीत चालली होती. तिचं कोण बघेल, हेही मी आठ दिवसांत ठरवून टाकलं होतं. डॉक्टर तरुण होते. कागद बघून म्हणाले, "तुमच्या आतड्याला गहू सोसत नाही. गहू पूर्ण बंद करायचा. जन्मभर. कणभरसुद्धा नाही."

मी विचारलं, "कॅन्सर नाही ना?" ते नाही म्हणाले, आणि मी तिथेच पदर तोंडाला लावून रडले.

मालक हसले. खरंच हसले. "डॉक्टरसाहेब, गहू खाऊन कुणी आजारी पडतंय का? आमी समदेच खातो की."

डॉक्टरांनी त्यांना नीट समजावलं, गव्हाच्या पदार्थांची यादी छापलेला एक कागद दिला आणि मला म्हणाले, "तुमच्याकडे ज्वारी खातात ना? मग तुम्ही नशीबवान."

बसस्टँडवर मालकांनी दोन समोसे घेतले. एक माझ्या हातात दिला. मी त्याच्याकडे बघत राहिले तर म्हणाले, "खा की. उद्यापासून सुरू कर." मी अर्धा खाल्ला. भूक लागली होती.

नशीबवान

मी लग्न होऊन आले तेव्हा या घरात रोज ज्वारीची भाकरी होती आणि गहू सणापुरता. आता उलटं झालंय. शेतात सोयाबीन आणि हळद. ज्वारी कुणी पेरत नाही, पाखरं खातात आणि रानडुकरं लोळतात. रेशनवर गहू फुकट मिळतो, म्हणून घरोघरी चपाती. मला जी चालते ती ज्वारीच आता बाजारातून विकत आणावी लागते, तीही बऱ्याचदा जुनी, कोठीत पडून राहिलेली.

मी मालकांना म्हटलं, "एका कडेला चार तासं, चारच ओळी, ज्वारीच्या पेरा. माझ्यापुरती."

"पाखरं कोण राखल? तू?" ते म्हणाले, आणि तो विषय तिथेच मिटला.

चार ताटं

आमच्या घरात माणसं चार. सासूला साखर आहे. सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात. मालकांना बीपी आणि किडनीचा त्रास, म्हणजे मीठ कमी, डाळ बेतानं, टोमॅटो, केळी, बटाटा जपून. मला गहू बंद. वैष्णवीला काहीच बंद नाही, ती फक्त नाक मुरडते.

आत्यांची साखर निघाली तेव्हा सगळ्या घरानं बिनसाखरेचा चहा प्यायला सुरुवात केली. "म्हाताऱ्या माणसासमोर आपण गोड प्यायचं बरं दिसतं का," असं मालकच म्हणाले होते. मालकांचं मीठ कमी झालं तेव्हा लोणच्याची बरणी माळ्यावर गेली आणि आम्ही सगळ्यांनी अळणी गिळलं. मी तर आनंदानं गिळलं. माझी पाळी आली तेव्हा मात्र आत्या म्हणाल्या, "तू तुझं येगळं करून घी." मालकांनी पुढची चपाती वाढून घेतली.

मला वेगळं करायचं दुःख नव्हतं. स्वयंपाक माझ्याच हाताचा होता. पण त्या दिवशी कळलं, की या घरात कुणाच्या आजाराला ताट आहे आणि कुणाच्या आजाराला फक्त वाटी.

तर, उपयोगाचं सांगते. चार आजार आणि एक गॅस असेल तर चार स्वयंपाक करू नका, मराल. एकच भांडं चढवा आणि मधेमधे काढत जा. डाळ हळद घालून शिजवायची, मालकांची वाटी मीठ घालण्याआधी बाजूला. मग बेतानं मीठ, मग फोडणी. भाजीतला बटाटा किंवा भोपळा बारीक चिरून आधी कोमट पाण्यात ठेवायचा, मग उकळून पाणी ओतून द्यायचं, हे मालकांच्या आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं होतं. बाकीच्यांनीही तीच भाजी खायची, वर ज्याला पाहिजे त्यानं जवसाची चटणी घ्यावी. भात मालकांना आणि मला, आत्यांना नाही. भाकरी आत्यांना आणि मला. चपाती मालकांना आणि वैष्णवीला. गोडाला काही नाही. एकादशीला भगर केली की ती मला चालते, त्यामुळे अचानक मी धार्मिक झाले.

माझ्या वस्तू वेगळ्या केल्या. तवा, परात, चाळणी. ज्वारीच्या पिठाचा डबा वेगळा, त्याला लाल फडकं बांधलं, म्हणजे गव्हाच्या डब्याशी गल्लत नको. गिरणीत सकाळी सगळ्यात आधी दळण लावायचे. आधीचं गव्हाचं पीठ जात्यात राहिलेलं असतं म्हणून माझं पहिलं शेर-दीड शेर पीठ शेजारच्या शेळ्यांना द्यायचे. गिरणीवाला म्हणायचा, "मंदाताईच्या ज्वारीला सोवळं लागतंय." हसायच्या सगळ्या. हिंगाच्या पुडीवर बारीक अक्षरात गव्हाचं पीठ लिहिलेलं दिसलं, तोही फेकला. डॉक्टरांचा कागद ओट्याच्या वर चिकटवला. चपाती, ब्रेड, बिस्कीट, रवा, मैदा, शेवया. घरात सगळ्यांना बजावून सांगितलं, मला चपाती चालत नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते तसंच म्हणायचे.

आकडा

पहिले दोन महिने बरं वाटलं. पोट बसलं, भूक लागायला लागली. मग पुन्हा सुरू झालं. रक्त पुन्हा तपासलं तर गहू बाधल्याचा जो आकडा उतरायला हवा होता तो होता तिथेच होता. डॉक्टर म्हणाले, "कुठून तरी गहू पोटात जातोय. घरात शोधा."

मी शोधायला लागले, आणि माझं बोट पहिल्यांदा आत्यांकडे गेलं.

त्याला कारण होतं. महालक्ष्म्यांच्या जेवणाला आत्यांनी माझ्या ताटात पुरणपोळीचा तुकडा टाकला होता. मी नको म्हणाले तर सगळ्या सवाष्णींसमोर म्हणाल्या, "परसादानं कुणाला काय व्हत नसतंय." देवीसमोर, अकरा बायांसमोर काय बोलणार? खाल्ला. दोन दिवस अंथरुणात होते. तेव्हापासून माझ्या मनात बसलं, की या बाईला माझा आजार मान्यच नाही. ते खरंही होतं. "आमच्या टायमाला असले रोग न्हवते," हे त्या दिवसातून एकदा तरी म्हणायच्या.

दसऱ्यानंतरची गोष्ट. अंगणवाडीतली मीटिंग रद्द झाली म्हणून मी दुपारी बाराच्या सुमारास घरी आले. स्वयंपाकघरात आत्या उभ्या. माझा लाल फडक्याचा डबा उघडा, गव्हाचा डबा त्याच्या शेजारी उघडा, आणि आत्यांचा हात माझ्या डब्यात.

"काय करून राहिल्या तुमी?"

त्या दचकल्या. "पीठ बघत हुते."

"गहू घालून राहिल्या ना माझ्या पिठात?"

"मी काहून घालू?"

मग मी जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. माझ्या पिठाला हात लावायचा नाही, असं म्हणाले. तुम्हाला मी मेलेली पाहिजे म्हणजे लेकाला दुसरी करता येईल, असंही म्हणाले. अठरा वर्षांचं सगळं त्या डब्याच्या निमित्तानं बाहेर आलं. शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली तरी मी थांबले नाही. आत्यांनी दोन्ही डब्यांची झाकणं लावली, हात पदराला पुसले आणि बाहेरच्या ओसरीवर जाऊन बसल्या. मला वाटलं, चोरी पकडली म्हणून गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक त्यांना एसटीनं हिंगोलीला धाकट्या दिरांकडे सोडून आले. निघताना त्या मला म्हणाल्या, "तुज्या हातचं आता खायची न्हाई मी." वैष्णवी रडत होती. मालक महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलत होते.

आणि मला हलकं वाटलं. एक ताट कमी झालं, साखरेचं. लिहायची लाज वाटते, पण वाटलं.

रविवार

आकडा मात्र उतरला नाही. पोटही तसंच. मी गिरणीवाल्यावर संशय घेतला, मिरचीच्या पुडीवर घेतला, अंगणवाडीतल्या खिचडीच्या डावावर घेतला.

पावसाळ्यापासून दुपारची भाकरी वैष्णवी करायची, त्याआधी मीच करून जायचे. मी साडेनऊला अंगणवाडीत जायचे, ती शाळेआधी चार भाकऱ्या थापायची, एक माझ्या डब्यात भरून द्यायची. छान करायची. गोल, मऊ, कडेला तडा नाही. मालक कौतुकानं म्हणायचे, "पोरीच्या हाताला भाकर आली." मीही बायांना सांगायचे.

संक्रांतीच्या आधीचा रविवार होता, मी घरी होते. ओट्याशी मेथी निवडत बसले होते. वैष्णवीनं परातीत माझ्या डब्यातलं पीठ घेतलं, मग सहज वळली, गव्हाच्या डब्यातून एक मूठ काढली आणि परातीत टाकली. मीठ टाकावं तशी.

"काय घातलंस?"

"कणीक. मूठभरच."

"कधीपासून?"

ती माझ्याकडे बघायला लागली. "कायमच घालती की. तूच शिकवलंस. जुनी ज्वारी असली की मूठभर कणीक घालायची, म्हंजी मोडत न्हाई."

"मला गहू चालत नाही, माहीत नाही तुला?"

"तुला चपाती चालत न्हाई," ती म्हणाली. "ही तर भाकर हाय."

जुन्या ज्वारीच्या पिठाला विरी नसते, म्हणजे चिकटपणा नसतो. थापताना कड फाटते, उचलताना भाकरी मोडते. उकळत्या पाण्यात पीठ मळलं की जमतं, पण त्याला हात लागतो आणि वेळ लागतो. सोपा उपाय मूठभर कणकेचा. आमच्या भागातल्या निम्म्या बाया तो करतात आणि कबूल करत नाहीत. वैष्णवी अकरा वर्षांची असताना तिच्या मोडलेल्या भाकरीला तिचे पप्पा हसले होते. ती रडली. तेव्हा मीच तिचा हात धरून गव्हाच्या डब्यात घातला होता. मी स्वतः आजारानंतर उकळत्या पाण्यावर आले. तिला सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण ती कणीक मला कधी गहू वाटलीच नव्हती. ओट्यावरच्या कागदावर सगळं होतं, मूठभर कणीक तेवढी नव्हती.

मी हात उचलला होता. खाली घेतला, कारण मारायचं कुणाला तेच कळेना.

हिंगोली

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी हिंगोलीला गेले. दिरांच्या घरात आत्या आतल्या खोलीत पलंगावर बसल्या होत्या. मी पाया पडले. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, हातही पुढे केला नाही.

मी सगळं सांगितलं. माझं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "ठाव हुतं मला."

"काय?"

"पोरगी घालती त्ये. दाताखाली कळतंय की. निव्वळ ज्वारीची भाकर अशी वातड व्हत नसती. त्या दिशी दोन्ही डबे उघडे टाकून शाळंत गेली हुती. तुज्या डब्यात कणीक सांडली हुती, ती काढून राहिले हुते मी."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तू पोरीला फाडून खाल्लं असतंस. मला खाल्लंस तसं." मग म्हणाल्या, "आन मूठभरानं काय व्हतंय, असं वाटलं मला. तुला यवढं लागतंय हे मला खरं वाटलं न्हाई. त्ये माझं चुकलं."

त्यांनी आपल्या चुकीचा वाटा उचलला. माझा वाटा केवढा होता ते दोघींना माहीत होतं. मी म्हटलं, घरी चला. त्या म्हणाल्या, "बघू."

आता

वैष्णवीच्या दहावीच्या परीक्षेला आत्या आल्या. "वैशूसाठी आले," हे दारातच सांगितलं. शब्दाच्या पक्क्या आहेत. माझ्या हातचं खात नाहीत. अंगणात त्यांनी जुनी चूल लिंपून घेतली आणि तवा, परात, डबा, सगळं वेगळं मांडलं. गुडघे वाकत नाहीत म्हणून पाय लांब करून पाटावर बसतात आणि स्वतःची भाकरी स्वतः थापतात. आल्या त्या दिवशी मला म्हणाल्या, "तुज्या डब्याला बांधलंय तसं फडकं दे मला." घरात लाल कापड तेवढंच होतं. मी माझ्या डब्याचं सोडलं, मधोमध फाडलं आणि अर्धं त्यांना दिलं.

मालक एकदा म्हणाले, "आता तरी सोड की आई." आत्या म्हणाल्या, "तिचं येगळं, माझंबी येगळं." वेगळं हा शब्द या घरात आधी कुणी काढला आणि कुणी पाळला, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

वैष्णवी आता भाकरी करत नाही. मी कितीदा म्हटलं, उकळत्या पाण्याची शिकवते. ती नको म्हणते. माझ्या डब्याजवळून जाताना हात मागे बांधून घेते.

वाचणाऱ्या बायांना एवढंच सांगते. घरात कुणाला गहू बंद असेल तर चपाती बंद म्हणू नका. गहू म्हणा, कणीक म्हणा, लाटायला लावायची पिठी म्हणा. पिठाच्या डब्यापाशी घरातल्या प्रत्येकाला उभं करून सांगा. आणि कुणाचा हात धरण्याआधी आपला हात कुठे कुठे गेला होता ते आठवा. संशय घ्यायला मला एक क्षण लागला होता, आठवायला तीन महिने.

माझा मागच्या महिन्यातला रिपोर्ट चांगला आहे. आकडा उतरला, रक्त अकरावर आलं, बांगड्या मनगटावर बसतात. डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवा. मॅडम, सकारात्मक म्हणून हे धरा.

परवा संध्याकाळी आत्या पाणी आणायला उठल्या आणि शेजारची कोंबडी त्यांच्या परातीकडे निघाली. मी धावत जाऊन पीठ झाकायला वाकले. मागून आवाज आला, "राहू दे. माझ्या पिठाला हात लावू नगंस."

मी बाजूला झाले. त्यांनी आधणाचं पाणी ओतलं, मळलं, थापलं. जुनीच ज्वारी, बाजारातली, मी आणते तीच. कड कुठे फाटली नाही. कणकेचा कण नाही. माझ्या आतड्याला चालेल अशी भाकरी जिच्या हातची डोळे झाकून खावी अशी बाई या घरात एकच होती, आणि तिलाच मी घराबाहेर काढलं होतं.

त्या रोज संध्याकाळी दोन भाकऱ्या करतात. त्यांना दीड लागते. उरलेली अर्धी त्या माझ्यासमोरून नेऊन गायीला घालतात. मागायचं माझं तोंड नाही.